गॅरेजमधून उत्तरं : रोल्स-रॉइस, एका मिस्त्रीची गाडी

मागच्या अंकात जुन्या गाड्यांच्या ब्रेकबद्दल लिहिताना मी रोल्स-रॉइसचं नाव जाता जाता एका ओळीत घेतलं होतं. त्या एका ओळीवर इतकी पत्रं आली, की हा अख्खा अंक त्याच गाडीला द्यावा असं संपादकांनी सुचवलं. मी आनंदानं हो म्हटलं. कोल्हापूरच्या उद्यमनगरात गेली छत्तीस वर्षं मी जुन्या इंजिनांचं काम करतोय, आणि या गाडीवर माझा जीव आहे. कशासाठी आहे, ते उत्तरांमधून कळेलच.

मिस्त्रीसाहेब, दर १५ ऑगस्टला आमच्या शाळेच्या ग्रुपवर एक गोष्ट फिरते. अलवरच्या महाराजांचा लंडनच्या शोरूममध्ये अपमान झाला, म्हणून त्यांनी रोल्स-रॉइसच्या सगळ्या गाड्या विकत घेतल्या आणि कचरा उचलायला लावल्या. मुलांना सांगू का? – एक शिक्षिका, सातारा

बाई, नका सांगू. ही गोष्ट मी लहानपणी ऐकली तेव्हा महाराज भरतपूरचे होते. पुढे कुणी पतियाळाचं नाव घेतलं, कुणी हैदराबादच्या निजामाचं. खरी घडलेली गोष्ट अशी गावोगाव मालक बदलत नाही. कंपनीनं माफीची तार केली असंही त्यात असतं, पण ती तार आजवर कुणी दाखवलेली नाही.

मला मात्र ती खोटी वाटते ती धंद्याच्या रीतीवरून. त्या काळात रोल्स-रॉइस कंपनी पूर्ण गाडी विकतच नव्हती. गिऱ्हाइकाला मिळायची ती चासी, म्हणजे सांगाडा, इंजिन, गिअरबॉक्स, रेडिएटर आणि बॉनेट. त्यावरची बॉडी बार्कर, हूपर, मुलिनर अशा बॉडी बांधणाऱ्या कारखान्यांकडे स्वतंत्र ऑर्डर देऊन करून घ्यावी लागे, आणि त्यात महिने जात. दुकानात शिरून, उभ्या असतील तेवढ्या गाड्या रागाच्या भरात उचलून बोटीवर चढवल्या, हे त्या व्यवहारात बसत नाही. शिवाय हिंदुस्थानातले संस्थानिक ही कंपनीची फार लवकर जोडलेली गिऱ्हाइकं होती. त्यांच्यासाठी पायघड्या घातल्या जात.

आणखी एक सांगतो, रागावू नका. या गोष्टीत गाडीचा अपमान कशानं होतो? तर ती कचऱ्याला लावली म्हणून. तुमच्या वर्गात एखाद्या सफाई कामगाराचं पोर बसलेलं असेल. त्याच्यासमोर ही गोष्ट अभिमानानं सांगावी असं मला वाटत नाही.

काका, मी डिप्लोमाला आहे. रोल्स-रॉइसला ‘जगातली सर्वोत्तम गाडी’ असं का म्हणायचे? नुसती जाहिरात होती, की खरंच काही वेगळं होतं? – एक विद्यार्थी, सांगली

बाळा, जाहिरात होतीच. पण आधी काम झालं, मग जाहिरात. तू डिप्लोमाला आहेस म्हणून जरा सविस्तर लिहितो.

हेन्री रॉइस हा पिठाच्या गिरणीवाल्याचा मुलगा, जन्म १८६३ चा. नऊ वर्षांचा असताना बाप गेला. पोरानं वर्तमानपत्रं विकली, तारा पोचवल्या. पीटरबरोच्या रेल्वे कारखान्यात उमेदवारी मिळाली ती मावशीनं वर्षाला २० पौंड भरले म्हणून. मावशीकडचे पैसे संपले आणि उमेदवारी अर्धवट सुटली. म्हणजे शिक्षणाचा कागद हातात नाही. १८८४ मध्ये त्यानं मँचेस्टरला एका जोडीदाराबरोबर छोटं वर्कशॉप टाकलं. स्वतःचे २० पौंड, जोडीदाराचे ५०. विजेच्या घंट्या, मग डायनॅमो, मग क्रेन, असा धंदा वाढत गेला.

पुढे त्यानं देकोव्हिल नावाची एक जुनी फ्रेंच गाडी विकत घेतली. दोन सिलिंडरची. ती त्या काळच्या मानानं वाईट नव्हती, पण तिचा आवाज आणि चालूबंदपणा रॉइसला खपेना. त्यानं ती खोलली, एकेक भाग पाहिला आणि ठरवलं की हे मी यापेक्षा नीट करीन. १ एप्रिल १९०४ ला त्याची स्वतःची पहिली गाडी कुक स्ट्रीटच्या वर्कशॉपमधून बाहेर पडली आणि १५ मैलांवरच्या त्याच्या घरापर्यंत गेली. त्यात नवा शोध असा कोणताच नव्हता. जे लोक करत होते तेच, पण प्रत्येक भाग जास्त अचूक, जास्त निगुतीनं केलेला. हे नीट ध्यानात घे, कारण परीक्षेत ‘इनोव्हेशन’वर प्रश्न येतात आणि फिटिंगवर येत नाहीत.

चार्ल्स रोल्स हा दुसऱ्या टोकाचा माणूस. लॉर्डाचा मुलगा, केंब्रिजला शिकलेला, लंडनमध्ये गाड्या विकणारा. त्याला विकायला चांगली इंग्लिश गाडी हवी होती. ४ मे १९०४ ला मँचेस्टरच्या मिडलंड हॉटेलात दोघांची गाठ पडली आणि रॉइसनं बनवायच्या, रोल्सनं विकायच्या असं ठरलं. रोल्सला पुढे विमानांनी ओढलं आणि १२ जुलै १९१० ला बोर्नमथला विमान कोसळून तो वारला. वय अवघं बत्तीस.

पण नाव कमावलं ते क्लॉड जॉन्सन नावाच्या तिसऱ्या माणसाच्या डोक्यामुळे. रोल्सचा हा व्यवस्थापक. रोल्स आणि रॉइस या दोन नावांमधली छोटी रेघ म्हणजे हा माणूस, असं लोक म्हणायचे. १९०७ साली त्यानं सहा सिलिंडरची एक ४०/५० हॉर्सपॉवरची गाडी चंदेरी रंगवून घेतली, तिचं नाव ठेवलं सिल्व्हर घोस्ट, आणि रॉयल ऑटोमोबाइल क्लबच्या निरीक्षकांच्या देखत ती लंडन ते ग्लासगो अशी पळवायला लावली. एकदा नाही, सत्तावीस वेळा. रविवार सोडला तर रात्रंदिवस. सुरुवातीलाच एकदा हादऱ्यानं पेट्रोलचा कॉक आपोआप बंद झाला म्हणून ती थांबली. त्यानंतर १४,३७१ मैल सक्तीनं थांबायची वेळ आली नाही. किलोमीटरमध्ये २३ हजारांच्या वर. त्या काळात पन्नास मैलांत एखादा टायर आणि चार शिव्या असा हिशेब असायचा.

आणि आता मला सगळ्यात आवडणारी गोष्ट. १५,००० मैल झाल्यावर गाडी निरीक्षकांसमोर संपूर्ण खोलली. इंजिन, गिअरबॉक्स, स्टिअरिंग, सगळं. झिजलेले भाग बदलून गाडी पुन्हा नव्यासारखी करायला किती खर्च येईल? उत्तर आलं २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्स. कोणत्याही धंद्यातल्या माणसानं आपला माल असा चव्हाट्यावर खोलून दाखवावा, मग त्यानं ‘सर्वोत्तम’ म्हटलेलं मी ऐकून घेईन.

रॉइसला १९३० मध्ये सर ही पदवी मिळाली. तरी तो स्वतःची ओळख ‘हेन्री रॉइस, मेकॅनिक’ अशीच करून देई.

आमचे आजोबा सांगत, कोल्हापुरात फार जुन्या काळी रोल्स-रॉइस आली होती. दसऱ्याला छत्रपतींची जी गाडी निघते, तीच का ती? – एक वाचक, शिवाजी पेठ

तुम्ही तर आमच्या गल्लीतलेच निघालात! नाही, दसरा चौकात आपण बघतो ती मेबॅक. जर्मन गाडी, तिचा थाट वेगळा.

पण आजोबा खोटं सांगत नव्हते. १९०८ मध्ये मुंबई–कोल्हापूर अशी मोटारींच्या टिकाऊपणाची परीक्षा झाली होती, सह्याद्रीच्या घाटाघाटांतून ६२० मैलांची. त्यात एक रोल्स-रॉइस ४०/५० उतरली होती, तिचं नाव ‘पर्ल ऑफ द ईस्ट’, पूर्वेचा मोती. ती जिंकली, आणि पुढे ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांनी ती घेतली. हिंदुस्थानातल्या राजेरजवाड्यांत या गाडीचं नाव झालं त्याचं एक मोठं कारण ही शर्यत, असं मी मानतो.

जरा कल्पना करा. शाहू महाराजांची कारकीर्द. कोल्हापुरात रेल्वे येऊन सतरा वर्षं झालेली, पण रस्ता म्हणजे खडी, माती आणि बैलगाड्यांच्या चाकोऱ्या. चारही चाकांना ब्रेक ही चैन तेव्हा नव्हती, पुढची चाकं मोकळी असत. बोरघाट किंवा खंबाटकीसारखा उतार अशा गाडीनं उतरायचा म्हणजे चालवणाऱ्याचे हात आणि इंजिनाची ओढ याच भरवशावर. आपल्याकडे अलवरच्या कचऱ्याची गोष्ट घराघरात माहीत आहे आणि आपल्याच घाटातली ही शर्यत कुणाला माहीत नाही, याचं मला वाईट वाटतं. सातारच्या बाईंनी मुलांना ही सांगावी.

बॉनेटवरची ती पंखवाली बाई कोण? आणि रॉइस गेला म्हणून लाल अक्षरं काळी केली, हे खरं का? – एक गृहिणी, डोंबिवली

ताई, आधी अक्षरांचं. आर-आर ही जोडअक्षरं १९३३ मध्ये लालाची काळी झाली, आणि रॉइस त्याच वर्षी २२ एप्रिलला वारला. दोन्ही गोष्टी शेजारी आल्या म्हणून लोकांनी सुतक जोडलं. पण रंग बदलायचं त्याच्या हयातीतच ठरलं होतं. लोक गाड्यांना नाना रंग देत आणि त्यावर लाल अक्षरं विजोड दिसत, इतकं साधं कारण.

आता ती बाई. १९१० च्या सुमाराला मालक लोक रेडिएटरच्या टोपणावर वाटेल त्या बाहुल्या लावत. जॉन्सनला ते पसंत नव्हतं. त्यानं चार्ल्स साइक्स या शिल्पकाराकडून १९११ मध्ये ही मूर्ती करून घेतली, ‘स्पिरिट ऑफ एक्स्टसी’. तिच्यामागची स्त्री म्हणजे एलिनॉर थॉर्नटन, असं मानलं जातं. मोटारींचं मासिक चालवणाऱ्या लॉर्ड मॉन्टेग्यूंची ती सेक्रेटरी. दोघांचं एकमेकांवर प्रेम होतं, लग्न होणं शक्य नव्हतं.

पुढचा भाग वाचताना मला दर वेळी मुंबईचा धक्का आठवतो. १९१५ च्या डिसेंबरात मॉन्टेग्यू युद्धाच्या कामासाठी हिंदुस्थानात यायला निघाले, एलिनॉर बरोबर होती. बोटीचं नाव ‘पर्शिया’, मुक्काम मुंबई. ३० डिसेंबरला क्रीट बेटाच्या दक्षिणेला जर्मन पाणबुडीनं टॉर्पेडो मारला आणि बोट काही मिनिटांत बुडाली. मॉन्टेग्यू वाचले. एलिनॉर गेली. मुंबईला ती पोचलीच नाही. आज तिची मूर्ती मुंबईच्या रस्त्यावरून जाताना दिसते, आणि आत बसलेल्यांना बहुधा यातलं काहीच ठाऊक नसतं.

ही गाडी कधीच बंद पडत नाही म्हणतात. तुम्ही स्वतः काम केलंय का? – एक रिक्षाचालक, इचलकरंजी

दादा, लोखंड आहे, बंद पडणारच. पण का बंद पडली ते ती सांगते. तुम्हाला रोजचा अनुभव आहे म्हणून खरं खरं लिहितो.

मी तिशीच्या आत होतो तेव्हा वस्तादांच्या गॅरेजमध्ये एका जुन्या घराण्यातली रोल्स-रॉइस २०/२५ आली, १९३० च्या दशकातली, सहा सिलिंडरची. ट्रकवरून उतरवली तेव्हा इंजिन जाम, सीटमध्ये उंदरांची घरटी. आधीच्या कुणा मेकॅनिकनं चासीच्या एका जोडाला सरळ वेल्डिंग मारलं होतं. ते बघून वस्ताद खाली बसले आणि बराच वेळ बोलले नाहीत.

कारण त्या चासीचे जोड रिव्हेटचे नव्हते, बोल्टचे होते. आणि तेही साधे सरळ बोल्ट नव्हेत. किंचित निमुळते. भोकसुद्धा हातानं रीमर, म्हणजे भोक कातायचं हत्यार, फिरवून तितकंच निमुळतं केलेलं. बोल्ट आत ओढला की तो पाचरीसारखा बसतो, केसाइतकी फट राहत नाही, म्हणून चासी वर्षानुवर्षं कुरकुरत नाही. याचा दुसरा अर्थ असा, की या भोकाचा बोल्ट त्या भोकाला चालत नाही. वस्तादांनी मला प्रत्येक बोल्टला दोऱ्यानं चिठ्ठी बांधायला सांगितलं होतं. माझ्याकडून दोन चिठ्ठ्या बांधायच्या राहिल्या. ते दोन बोल्ट पुन्हा आपापल्या जागी ओळखायला मला पूर्ण एक दिवस गेला, निळा रंग लावून, बसवून, काढून, पुन्हा बसवून. संध्याकाळी दुसरा बोल्ट सुळकन आत जाऊन घट्ट बसला, तो आवाज अजून कानात आहे. ज्यानं साठ वर्षांपूर्वी डर्बीच्या कारखान्यात ते भोक कातलं, त्याचा हात माझ्या हाताला लागला असं वाटलं.

वेल्डिंग कापून काढलं, त्या जोडाला लेथवर नवे बोल्ट केले. ठिणगी पाडणाऱ्या मॅग्नेटोनं दोन महिने छळलं. अकरा महिन्यांनी इंजिन चालू झालं. त्या दिवशी वस्तादांनी खिशातून जुना जाड एक रुपया काढला आणि चालत्या इंजिनावर कडेवर उभा केला. उभा राहिला. आम्ही सगळे श्वास धरून. पलीकडच्या फाउंड्रीतले कामगार बघायला आले. मग वस्ताद म्हणाले, “आता चहा सांग.”

या गाडीचा ब्रेकही सांगण्यासारखा आहे. गिअरबॉक्सच्या बाजूला एक फिरती चकती असते. तुम्ही पेडल दाबलं की ती गाडीच्याच चालीतून जोर घेऊन ब्रेक ओढते. ही कल्पना मूळची हिस्पानो-सुइझा कंपनीची, रॉइसनं ती रीतसर परवाना घेऊन वापरली. चांगलं ते दुसऱ्याचं असलं तरी घ्यायचं, यात त्याला कमीपणा वाटला नाही. फक्त गाडी अगदी हळू असेल तर ब्रेक क्षणभर उशिरा लागतो. गर्दीत जपावं लागतं. तुमच्या रिक्षाचा ब्रेक त्या बाबतीत सरस आहे.

आता ही कंपनी इंग्रजांची की जर्मनांची? आणि विमानाच्या इंजिनावर तेच नाव कसं? – एक निवृत्त बँक कर्मचारी, नागपूर

थोडक्यात सांगतो. पहिल्या महायुद्धापासून कंपनी विमानांची इंजिनं करू लागली. दुसऱ्या महायुद्धातल्या स्पिटफायर या लढाऊ विमानाचं मर्लिन इंजिन तिचंच. १९६० च्या दशकात आरबी-२११ नावाच्या जेट इंजिनात तिनं फार मोठी उडी घेतली. पुढच्या पंख्याची पाती कार्बन फायबरची करायची होती. पक्षी धडकण्याच्या चाचणीत ती तुटली, टायटॅनियमकडे वळावं लागलं, आणि खर्च हाताबाहेर गेला. ४ फेब्रुवारी १९७१ ला कंपनीनं दिवाळं काढलं. सरकारनं ती ताब्यात घेतली आणि १९७३ मध्ये मोटारींचा धंदा वेगळा केला. तेव्हापासून विमानांची इंजिनं करणारी रोल्स-रॉइस आणि मोटारींची रोल्स-रॉइस ही दोन बिऱ्हाडं.

मोटारींचा धंदा १९८० मध्ये व्हिकर्स या इंग्लिश कंपनीकडे गेला. त्यांनी १९९८ मध्ये तो विकायला काढला. फोक्सवॅगननं ४३ कोटी पौंड देऊन क्रू गावातला जुना कारखाना आणि तिथेच होणारी बेंटली गाडी घेतली, पण रोल्स-रॉइस हे नाव होतं विमान-इंजिनवाल्या कंपनीच्या मालकीचं! तिनं ते बीएमडब्ल्यूला ४ कोटी पौंडांत वापरायला दिलं. म्हणजे एकाला कारखाना मिळाला, दुसऱ्याला नाव. बीएमडब्ल्यूनं गुडवूडला नवा कारखाना बांधला आणि १ जानेवारी २००३ पासून गाड्या तिथे होतात. मालक जर्मन, कारखाना इंग्लंडात. आता तर स्पेक्टर ही विजेवरची गाडीही आली आहे. विजेच्या घंट्या करणाऱ्या रॉइसला ती समजून घ्यायला वेळ लागला नसता.

तुम्ही बँकेतले, म्हणून विचारतो : नुसत्या नावाची किंमत ४ कोटी पौंड कुठल्या खात्यात मांडायची? मी ती १९०७ सालच्या त्या २ पौंड, २ शिलिंग, ७ पेन्सांच्या खात्यावर मांडीन.

भावाच्या वरातीसाठी जुनी रोल्स-रॉइस भाड्यानं ठरवतोय. खरी आहे का हे कसं ओळखू? – एक वाचक, कराड

भावाला शुभेच्छा. वरातीच्या बाजारात दिसणाऱ्या अशा बऱ्याच गाड्या जीपच्या सांगाड्यावर पत्रा ठोकून केलेल्या असतात. तशी गाडी घ्यायला हरकत नाही, पण पैसे त्या हिशेबानं द्या.

रेडिएटरसमोर दोन पावलं लांब उभे राहा. खऱ्या जुन्या रेडिएटरच्या कडा आणि सपाट बाजू डोळ्याला सरळ वाटतात, पण पट्टी लावली तर मधे किंचित फुगीर असतात, ग्रीक देवळांच्या खांबांसारख्या. अगदी सरळ केल्या तर त्या आत खचल्यासारख्या दिसतात, म्हणून कारागीर त्या नजरेनं जुळवत. नकली रेडिएटरला पट्टी सपाट चिकटते. मग बॉनेट उघडायला सांगा. ‘कंपनीनं सील केलंय’ असं उत्तर आलं तर तिथूनच परत फिरा, असं सील कधीच नव्हतं. उघडलं, तर चालत्या इंजिनावर नाणं उभं करून बघा. आणि खरीच निघाली, तर मला एक फोटो नक्की पाठवा. चासीच्या बोल्टांचा.